दायमाबादचा रथ आणि आपले हात

प्रवरेच्या डाव्या तीरावरील दायमाबाद येथे १९७४ साली एका शेतकऱ्याला जमीन खणताना चार कांस्यशिल्पे सापडली. हत्ती, गेंडा, म्हैस आणि दोन बैल जुंपलेला रथ. एकूण वजन साठ किलोहून अधिक. रथात सारथी उभा आहे, दांडीवर कुत्रा उभा आहे. अहिल्यानगर जिल्ह्याच्या भूमीतील हा अमोल ठेवा पाहण्यासाठी जिल्ह्यातील विद्यार्थ्याला मात्र मुंबई-दिल्लीची संग्रहालये गाठावी लागतात.

मूळ शिल्पे परत येणे दुरापास्त असेल, तर निदान त्यांची त्रिमितीय प्रतिमा नगरच्या वस्तुसंग्रहालयात उभी राहावी आणि हाताच्या नुसत्या खुणेने ती फिरवता यावी. कॅमेऱ्याने हालचाल टिपण्याचे हे तंत्र आता नवे नाही. अमेरिकेतील क्लीव्हलँडच्या कलासंग्रहालयाने २०१३ मध्येच प्रेक्षकाला शिल्पासारखे उभे राहायला लावणारे दालन उघडले होते.

खरा प्रश्न यंत्राचा नसून खुणांचा आहे. हात अधांतरी धरून ठेवला की दोन-तीन मिनिटांत खांदा भरून येतो. शिवाय आपण बोलतो तेच मुळी हातवारे करीत. यंत्र प्रत्येक हातवाऱ्याला आज्ञा समजू लागले, तर प्रतिमा भलतीकडेच पळते. त्यात खुणांचा तक्ता भिंतीवर लावावा लागला, तर पाहुणा रथ पाहण्याऐवजी तक्ताच वाचत बसेल.

कोणी सुचवील, नाट्यशास्त्रातील हस्तमुद्रा योजाव्यात. त्या परंपरेचा अभिमान आपल्याला आहेच. पण त्या मुद्रा नर्तकाने वर्षानुवर्षांच्या साधनेने मिळवलेल्या असतात. राहुरीच्या शेतकऱ्याच्या हाताला कासरा ओढणे, जाते फिरवणे, पोथीचे पान उलटणे ठाऊक आहे. बैलगाडी हाकलेला हात रथ कसा वळवायचा हे आपसूक जाणतो. संस्कृती ग्रंथांत असते, तशी ती या सवयींतही असते.

म्हणून यंत्र खरेदी करण्यापूर्वी एक साधे काम करावे. शाळकरी मुले, शेतकरी, आजीबाई यांना पडद्यावर रथ दाखवून विचारावे, “हा तुम्ही कसा वळवाल?” त्यांचे हात जे करतील, ते टिपून घ्यावे. बहुतेकांचे हात जिथे जुळतील, ती खूण निवडावी. ज्याला हात उचलता येत नाही त्याच्यासाठी शेजारी एक बटण ठेवावे. याला पैसा लागत नाही, माणसांकडे पाहण्याची दृष्टी लागते. अन्यथा उद्घाटनाची फीत कापली जाईल, आणि वर्षभरात पडद्यावर धूळ बसेल.