वारणेचा तह आणि ‘भाऊबंदकी’ नावाची पळवाट

आंबेनळी घाटात प्रतापगडाच्या फाट्यावर थांबणाऱ्या प्रत्येकाला १६५९ पाठ असते. १६८९ मात्र फारसे कोणाला आठवत नाही. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये एकोणीस वर्षांचे राजाराम महाराज वेढ्यात सापडलेल्या रायगडावरून निसटले, याच डोंगराळ मुलखातून प्रतापगडाकडे गेले आणि पुढे पन्हाळामार्गे जिंजीस पोहोचले. गडावर मागे राहिल्या महाराणी येसूबाई आणि वयाची सात वर्षेही पूर्ण न केलेले शाहू. नोव्हेंबरात रायगड पडला आणि मायलेक मोगलांच्या कैदेत गेले. मराठ्यांच्या दोन गाद्यांचे मूळ या ताटातुटीत आहे. या धाग्याचा विषय तिचा शेवट आहे: १३ एप्रिल १७३१ रोजी सातारा आणि कोल्हापूर यांच्यात झालेला वारणेचा तह.

या तहाविषयी समाजमाध्यमांवर दोनच वाक्ये फिरताना दिसतात. एक, ‘भाऊबंदकीने मराठे बुडाले’. दुसरे, ‘वारणेच्या तहाने शिवछत्रपतींच्या राज्याचे दोन तुकडे केले’. दोन्ही वाक्ये आळशी आहेत, आणि दुसरे तर सरळसरळ चूक आहे. राज्याचे तुकडे तहाच्या आधी चोवीस वर्षे पडलेले होते. तहाने त्यांच्या कडा आखून दिल्या.

आधी हक्काचा प्रश्न. मे १७०७ मध्ये शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून परतले, तेव्हा त्यांची बाजू साधी होती: थोरल्या शाखेचा हयात वारस मी आहे. ताराबाईंची बाजू तितकीच भक्कम होती. संभाजी महाराजांच्या वधानंतर राज्य नावापुरते उरले होते. ते पुन्हा उभे केले राजारामांनी, आणि त्यांच्या मृत्यूनंतर सात वर्षे औरंगजेबाशी झुंजून राखले आम्ही, तेव्हा हे राज्य आमच्या शाखेचे. आजही या वादात एका बाजूस ‘गद्दार’ ठरवणाऱ्यांना माझा प्रश्न आहे: या दोन दाव्यांपैकी कोणता खोटा होता? एक जन्माचा होता, दुसरा कर्तृत्वाचा. दोन्ही खरे असतील तर निवाडा कोणत्या शास्त्राने करणार? ऑक्टोबर १७०७ मध्ये खेडच्या लढाईत तो तलवारीने करून पाहिला. धनाजी जाधव शाहूंना मिळाले, शाहू जिंकले, साताऱ्यास त्यांचा राज्याभिषेक झाला. तरीही दुसरी गादी पन्हाळ्यावर उभी राहिलीच. १७१४ मध्ये तेथे ताराबाई व त्यांचे पुत्र यांना दूर सारून राजसबाईंचे पुत्र संभाजी गादीवर आले. माणसे बदलली, दावा तसाच राहिला.

या चोवीस वर्षांची किंमत कोणी मोजली, ते पाहू. दोन धनी असले की चाकराचा भाव वाढतो. चंद्रसेन जाधव शाहूंचे सेनापती होते. रुसून कोल्हापूरकरांकडे गेले आणि तेथून निजामाकडे. कुलाब्याचे कान्होजी आंग्रे ताराबाईंच्या पक्षाचे. त्यांनी शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांनाच कैद केले. १७१४ मध्ये बाळाजी विश्वनाथ फौज घेऊन निघाले खरे, पण त्यांनी कान्होजींना आपल्या बाजूस वळवले ते बोलणे करून, गड आणि मान वाटून घेऊन. आज त्यांच्या नावाने कोणी चित्रफीत काढत नाही, कारण तीत रक्त नाही.

सर्वांत मोठा लाभ मात्र निजामाने उठवला. १७१९ च्या मोगल सनदांनी दक्षिणेच्या सहा सुभ्यांची चौथाई आणि सरदेशमुखी शाहूंना मिळाली होती. म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा आणि वर दहावा, शंभरातले पस्तीस. निजामाने सभ्य चेहऱ्याने विचारले: मराठ्यांचा खरा राजा कोण? शाहू की संभाजी? तुमचे आधी ठरू द्या, तोवर पैसे थांबवतो. भाऊबंदांच्या वादाचा खर्च शेजाऱ्याच्या तिजोरीत वाचतो, याचे याहून उघड उदाहरण नाही. संभाजी प्रत्यक्ष निजामाच्या गोटात गेले. फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडजवळ पहिल्या बाजीरावांनी निजामाची कोंडी केली आणि मार्चमध्ये मुंगी-शेवगावच्या तहाने संभाजींचा हा आधार सुटला. पालखेडच्या घोडदौडीचे नकाशे तुम्ही पाहिले असतीलच. तिच्यामुळे कोणता प्रश्न सुटायचा राहिला, हे त्या नकाशांत दिसत नाही.

तो सुटायला आणखी तीन वर्षे लागली. १७३० मध्ये वारणाकाठी श्रीपतराव प्रतिनिधींनी संभाजी व उदाजी चव्हाण यांच्या फौजेचा पराभव केला. ताराबाई, राजसबाई आणि संभाजींच्या राणी जिजाबाई हाती लागल्या. येथे शाहूंनी केलेली गोष्ट मला तहाच्या कलमांइतकीच महत्त्वाची वाटते. स्वतः अठरा वर्षे ओलीस राहिलेल्या या माणसाने हातात आलेले ओलीस सन्मानाने परत पाठवले. ताराबाई तेवढ्या स्वेच्छेने साताऱ्यास राहिल्या. मग १७३१ च्या आरंभी कऱ्हाडजवळ जखिणवाडीस दोघे चुलतबंधू भेटले, आणि तहाची नऊ कलमे ठरली.

आता ती कलमे नीट पाहा. वारणा आणि कृष्णा यांच्या संगमापासून दक्षिणेस तुंगभद्रेपर्यंतचा मुलूख, गड आणि ठाण्यांसह, कोल्हापूरला. कोकणात साळशीच्या पलीकडे अंकोल्यापर्यंतचा प्रदेश कोल्हापूरला. कोपळचा किल्ला संभाजींनी घ्यावा आणि मोबदल्यात रत्नागिरी शाहूंना द्यावी. वडगावचे ठाणे पाडून टाकावे. मिरज, तासगाव, अथणी ही ठाणी साताऱ्याच्या स्वाधीन करावीत. तुंगभद्रेच्या दक्षिणेस रामेश्वरापर्यंत जे मिळेल ते निम्मे-निम्मे; म्हणजे अजून हाती न आलेल्या मुलखाचीही वाटणी कागदावर झाली, की उद्या तो जिंकल्यावर नवे भांडण नको. एकाचा शत्रू तो दुसऱ्याचा शत्रू. आणि माझ्या मते सर्वांत धूर्त कलम: एकाचे चाकर दुसऱ्याने ठेवू नयेत.

या शेवटच्या कलमावर थोडे थांबू या. सीमेच्या कलमांनी जमीन वाटली, या कलमाने माणसे वाटली. मराठी राज्याची खरी संपत्ती कोणती होती? घोडे, किल्ले आणि ते चालवणारे सरदार. रुसलेल्या सरदाराला पलीकडचे दार उघडे मिळत होते, तोवर कोणतीही सीमारेषा टिकणार नव्हती. तह लिहिणाऱ्यांना चंद्रसेन आठवत होते, कान्होजी आठवत होते. चोवीस वर्षांचा अनुभव त्यांनी एका ओळीत बसवला.

आक्षेप ठाऊक आहे: हा बरोबरीचा तह कोठे, हा जेत्याने पराभूताला दिलेला कागद. खरे आहे. संभाजींनी गमावले पुष्कळ. स्वतंत्रपणे निजामाशी हातमिळवणी करण्याची मोकळीक तर कायमची गेली. पण जेत्याने काय केले नाही, तेही मोजा. गादी मोडली नाही. संभाजींना जहागीरदार केले नाही, छत्रपतीच ठेवले. त्याच शतकाच्या आरंभी स्पेनच्या एका गादीच्या वारशावरून निम्मा युरोप बारा-तेरा वर्षे लढला आणि १७१३ मध्ये उट्रेख्टला वाटणी करूनच थांबला. त्याला जगाच्या पाठ्यपुस्तकांत मुत्सद्देगिरी म्हणतात. आपल्याकडे तेच घडले की ती भाऊबंदकी!

याच पंधरवड्यातील दुसरी घटना शेजारी ठेवतो. तहाच्या बारा दिवस आधी, १ एप्रिल १७३१ रोजी, गुजरातेत डभईजवळ बाजीराव पेशवे आणि सेनापती त्रिंबकराव दाभाडे यांच्यात लढाई झाली. दोघेही शाहूंचेच चाकर. भांडण गुजरातच्या वसुलाचे. दाभाडे निजामाशी संधान बांधून होते. ते रणात पडले. मग शाहूंनी मध्ये पडून गुजरात दाभाड्यांकडे आणि माळवा पेशव्यांकडे अशी हद्द घातली. हीच हद्द लढाईआधी घातली असती तर? दोन गाद्यांमधले दार वारणेने बंद केले. निजामाचे दार उघडेच राहिले, कारण साताऱ्याच्या आतल्या वाटणीला असा तह कधी झालाच नाही. चौथाईतली राजाची बाबती, पंत सचिवांचा साहोत्रा, सरदारांचा मोकासा हे हिस्से एकाच गावच्या वसुलात गुंतलेले. मराठी सत्तेला पुढे जे भोवले ते या गुंत्यात शोधा, वारणेत नव्हे.

कोणी म्हणेल, मग पुढे राघोबादादांनी निम्मे राज्य मागितले तेव्हा माधवरावांनी तेही द्यायला हवे होते का? नाही. संभाजींकडे गादी होती, मुलूख होता, त्यांना मानणारी प्रजा होती. दादांकडे फक्त मागणी होती. वाटणी नेहमीच शहाणपणाची असते, असा माझा दावा नाही. ज्या सत्तेला मोडता येत नाही आणि जिच्यावाचून शांतता मिळत नाही, तिच्याशी वाटणी करावी लागते, इतकेच.

आणि महाडकर-पोलादपूरकरांसाठी एक गोष्ट. १७३१ मध्ये दोन छत्रपती वारणेची तीरे वाटून घेत होते, तेव्हा ज्या गडावरून हे सारे सुरू झाले तो रायगड दोघांपैकी कोणाकडेच नव्हता. तो सिद्दीच्या ताब्यात होता. वारणेची चिंता मिटल्यावर साताऱ्याला कोकणाकडे पाहायला उसंत मिळाली. १७३३ मध्ये प्रतिनिधींच्या माणसांनी रायगड परत घेतला. हे तेच श्रीपतराव, ज्यांनी तीन वर्षांपूर्वी वारणाकाठी आपल्याच माणसांशी लढाई केली होती.