आवाज बुजवू नका, ओळखा

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींसाठी ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणीमालिका मंजूर केली, वीस हजार रुपयांच्या शुल्कात दहा वर्षांच्या दाखल्याची तजवीज केली, आणि इंजिन मूळ स्वरूपातच असावे अशी रास्त अटही घातली. परंतु दाखलाधारी वृद्ध यंत्राच्या पोटात ठकठक सुरू झाली म्हणजे तिचे उगमस्थान सांगू शकणारे किती कारागीर मुंबईपासून बोर्डीपर्यंतच्या पट्टीत उरले आहेत, याची फिकीर कोणत्याही खात्याने केलेली दिसत नाही. परिणामी मालक दोन टोके गाठतो: एकतर दाट तेल ओतून आवाज दडपतो, नाहीतर पंचनामा होण्यापूर्वीच शिक्षा फर्मावल्यागत सारे इंजिन खोलवतो.

जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीस मोटारींची जुळणी सुरू केली, त्या काळच्या अनेक इंजिनांत क्रँकवरील बेअरिंगे कथील, अँटिमनी व तांबे यांच्या मऊ मिश्रधातूची, म्हणजे बॅबिटची, जागेवरच ओतलेली असत. ती झिजली की भार पडताच ठोका ऐकू येई. जाणता मिस्त्री अशा वेळी लाकडी मुठीच्या पेचकसाने एकेका प्लगची ठिणगी इंजिनाच्या अंगावर उतरवी, आणि ज्या प्लगापाशी ठोका मंदावे त्याच दांड्याचे बेअरिंग दोषी ठरे. मग बेअरिंगच्या टोपीखालच्या पातळ पत्र्यांपैकी एखादा काढून फट कमी करायची. पत्रे संपले असतील तरच नवा बॅबिट ओतायचा. क्रँकच्या निम्म्या गतीने टकटकणारा टॅपेट निराळा, आणि इंजिन थंड असता खडखडून तापल्यावर शांत होणारा पिस्टन निराळा. हा दुसरा तर बहुधा तसाच सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

चढावर येणारी किणकिण तर कित्येकदा झिजेची नसतेच. ठिणगी वेळेआधी पडत असते, आणि स्टिअरिंगखालची तरफ किंचित मागे घेतली की काम भागते. याच आवाजावर अमेरिकेने १९२३ पासून पेट्रोलमध्ये शिसे मिसळण्याचा तोडगा विकला. इंजिने मुकी झाली, विष मात्र हवेत गेले, आणि आपल्या देशात ते पेट्रोल बंद व्हायला सन २००० उजाडले.

बोर्डी-घोलवडच्या चिकूवाड्यांत पंपाच्या इंजिनांपाशी ज्यांची उमेदीची वर्षे सरली, त्या म्हाताऱ्या मिस्त्रींपाशी हा कान अद्याप शाबूत असेल. पालघर जिल्ह्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी प्रमाणपत्रांचा आग्रह बाजूस ठेवून त्यांना मानधनावर पाचारण करावे, चालू इंजिनापुढे विद्यार्थ्यांना उभे करावे, आणि हे काम येत्या सत्रातच सुरू करावे.