चाकाखालची जमीन

यंदा दिवाळीला आमच्या चंद्रपूरच्या घरी आलापल्लीहून अक्का, भाऊजी आणि पुण्याहून त्यांचे चिरंजीव, म्हणजे आमचे भाचेसाहेब, अशी सगळी मंडळी आली होती. भाच्याने फराळाच्या ताटाकडे ढुंकूनही पाहिले नाही. तो थेट माझ्या मोटारीपाशी गेला, चाकांवरून हात फिरवला आणि डॉक्टरांनी रोग्याची आशा सोडावी तसा चेहरा करून म्हणाला, "मामा, हे टायर काढा. रुंद आणि मऊ रबराचे घाला. गाडी जागेवरून अशी सुटेल!" 'अशी' म्हणताना त्याने चुटकी वाजवली.

चौकशीअंती कळले, की स्वारीला ड्रॅग रेसिंगचे वेड लागले आहे. ही सरळ रेषेतली शर्यत. अंतर पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात, हिरवा दिवा लागतो आणि काही सेकंदांत निकाल! लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या विमानांच्या धावपट्टीवर अशा शर्यती झाल्या आहेत.

"अरे, यात नवे ते काय? आमच्या झाडीपट्टीत याला शंकरपट म्हणतात!" मी म्हणालो.

खरेच आहे. दोन बैलजोड्या, हलक्या छकड्या, सरळ पट्टी आणि दुतर्फा माणसांची भिंत. दिवसा पट आणि रात्री त्याच गर्दीसाठी झाडीपट्टीचे नाटक, ही आमच्याकडची जुनी रीत. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर पुन्हा परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. लहानपणी पाहिलेल्या एका पटात जोडीला माती चोळणारा म्हातारा मला म्हणाला होता, "बैलाचा जोर पायात नाही जी, मातीत राहते!"

भाच्याने तेच शास्त्रशुद्ध सांगितले. इंजिन कितीही दांडगे असो, चाक जागच्या जागी फिरू लागले की जोर वाया जातो. कारण घसरणाऱ्या रबराची पकड न घसरणाऱ्या रबरापेक्षा कमी असते. म्हणून शर्यतीचा टायर मऊ रबराचा आणि बिननक्षीचा, गुळगुळीत असतो. त्यामुळे सगळे रबर जमिनीला टेकते. त्याच्या बाजूही लवचीक असतात. सुटताना त्यांना सुरकुत्या पडतात आणि पहिला हिसका त्या पोटात घेतात. हवा कमी ठेवतात. सुटण्यापूर्वी चाके जागेवरच गरगर फिरवून धूर काढतात, तो काही नुसता रुबाब नव्हे. तापलेले रबर चिकट होते. शिवाय गाडी सुटताना भार मागे जातो, म्हणून मागच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीला फायदा मिळतो. आमच्यासारख्या गाडीची पुढची चाके ओढतात. ती नेमकी त्याच क्षणी हलकी होतात.

"आणि पाऊस आला तर?" मी विचारले.

"मग शर्यत थांबवतात."

"आमच्या रस्त्याला थांबवता येत नाही, बाबा!" मी म्हणालो. आणि जे त्याला कधी सांगितले नव्हते, ते सांगून टाकले.

तीन पावसाळ्यांपूर्वी मी आलापल्लीला असताना मध्यरात्री भाऊजींच्या छातीत कळ आली. चंद्रपूर शंभराहून अधिक किलोमीटर. आष्टीच्या अलीकडे एका पुलाचे काम चालू होते. शेजारच्या कच्च्या वळणरस्त्यावर, चढणीच्या चिखलात गाडी रुतली. टायरची नक्षी झिजून खाचेतल्या खुणेला, म्हणजे १.६ मिलिमीटरला, येऊन टेकली होती. 'दिवाळीला बदलू' म्हणून मीच पैसे राखले होते. घाबरून मी ॲक्सिलरेटर दाबत गेलो आणि चाके खोल खोल जात राहिली. मागच्या सीटवर अक्का भाऊजींचे डोके मांडीवर घेऊन बसली होती. ती एक शब्द बोलली नाही.

शेवटी मागून आलेल्या ट्रकचा ड्रायव्हर उतरला. "साहेब, आधी पाय काढा!" त्याने पुढच्या चाकांची थोडी हवा सोडली, त्यामुळे टायर पसरला. चाकांखाली फांद्या आणि गाडीतल्या चटया घातल्या आणि दुसऱ्या गिअरमध्ये अगदी हळू सोडायला सांगितले. गाडी वर आली. मग त्याने हवा पुन्हा भरून दिली, कारण कमी हवेवर वेगाने गेले की टायर तापून फुटतो. या सगळ्यात पाऊण तास गेला. भाऊजी वाचले; पण "लवकर आणायला हवे होते," हे डॉक्टरांचे वाक्य मी एकट्याने ऐकले आणि तीन वर्षे एकट्याने बाळगले. आज ते जिना चढताना मध्ये थांबतात, तेव्हा मी दुसरीकडे पाहतो.

"तेव्हापासून नक्षी खोल असलेले टायर घालतो. त्या खाचांतून पाणी आणि चिखल बाहेर पडतो. ते जागेवरून चुटकीसरशी सुटत नाहीत, पण सुटतात."

भाचा बराच वेळ गप्प होता. ओसरीवर भाऊजी नातवंडांना फुलबाज्या लावून देत होते. तिकडे एकदा पाहून तो उठला, चारही टायरच्या खाचांत बोट घालून आला आणि म्हणाला, "हेच राहू द्या, मामा." मग काहीतरी आठवून त्याने डिकी उघडली.

आत स्टेपनी म्हणून त्या जुन्या चारांपैकीच एक, टक्कल पडलेला टायर सुखाने निजला होता.

"दिवाळीला बदलू म्हणत होतो..." मी पुटपुटलो.

"दिवाळी आजच आहे, मामा," असे म्हणून त्याने माझ्याकडे गाडीची किल्ली मागितली.