टाळी कुणाची, तळहात कुणाचा?

हॉटेलच्या टेबलापाशी, लग्नाच्या स्वागत समारंभात, कंपनीच्या मेजवानीत अगदी हातभर अंतरावरून जादू दाखवणाऱ्या कलावंतांच्या व्यवसायात खेळांची पारख करण्याची एक पक्की पद्धत आहे. नवा खेळ विकत घेण्याआधी जाणता जादूगार काही प्रश्न विचारतो. चहूबाजूंनी माणसं उभी असताना हा खेळ करता येतो का, की एखाद्या बाजूने गुपित दिसतं? एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे जाईपर्यंत साहित्य पुन्हा लावून होतं का? टेबलच नसलं तर चालतं का? डीजेच्या गोंगाटात आणि मंद उजेडात तो समजतो का? चार-पाच मिनिटांत आटपतो का? किती खिसे अडवतो? आणि शेवटी, टाळी पडते का? एवढ्या कसोट्यांना उतरला की तो खेळ 'चालतो'.

हे निकष चुकीचे नाहीत. एका संध्याकाळी एकामागून एक टेबलं करणाऱ्या, पोटासाठी हात चालवणाऱ्या माणसाचं ते शहाणपण आहे. आक्षेप वेगळा आहे. या यादीतला प्रत्येक प्रश्न खेळ करणाऱ्याच्या सोयीचा आहे. जिच्या तळहातावर, अंगठीवर, फोनवर किंवा मनातल्या नावावर हा खेळ उभा राहतो, त्या बाईबद्दल यादीत एकही प्रश्न नाही. जादूगार पाच मिनिटांनी पुढच्या टेबलाकडे जातो. ती मात्र तिथेच, त्याच माणसांत राहते. ती कशी राहते, हे खेळाच्या किमतीत धरलंच जात नाही. म्हणून ही पारख अर्धवट आहे, असं माझं म्हणणं आहे.

हुंडा, मारहाण, पोटगी, रोजगार एवढे प्रश्न पुढ्यात असताना आपल्या अंकात जादूचे खेळ कशाला, असं काही मैत्रिणी विचारतील. उत्तर सोपं आहे. बाईच्या अंगाला हात लावायला, तिचं खाजगी चारचौघांत काढायला आपला समाज काही जागा 'मजा' या नावाखाली राखून ठेवतो. रंगपंचमी ही तशी जागा आहे, वरात तशी आहे, गॅदरिंगमधले 'फिशपाँड' तसे आहेत. तिथे तक्रार केली तर तक्रार करणारीच रडकी ठरते. जवळून दाखवायची जादू याच जागांमध्ये कमाई करते. तेव्हा तिच्याकडे आपण का बघू नये?

साधा खेळ घेऊ. स्पंजचे दोन लाल गोळे. एक जादूगाराच्या मुठीत, एक बाईच्या मुठीत. त्याची मूठ उघडते तर रिकामी, तिची उघडते तर आत दोन. हा खेळ जगभर केला जातो, आणि त्याचं कारणही चांगलं आहे: चमत्कार जादूगाराच्या हातात न होता बघणारीच्या हातात होतो. आता हाच खेळ दोन प्रकारे करता येतो. "हात पुढे कराल का?" असं विचारून, तिने पुढे केलेल्या तळहातावर गोळा ठेवून. किंवा तिचं मनगट धरून, बोटं आपल्या हाताने मिटवून, "किती मऊ हात आहे हो, वहिनी" असं म्हणून भोवतीच्या पुरुषांकडे डोळा मारून. गोळे तेच, हातचलाखी तीच, चमत्कार तोच. आजची पारख या दोन्ही खेळांना सारखेच गुण देते, किंबहुना दुसऱ्याला जास्त, कारण तिथे हशा मोठा असतो. परदेशी साहित्यविक्रेत्यांकडे तर एक खेळ वर्षानुवर्षं विकला जात आला आहे: दोन रुमालांची गाठ मारून ती बाईच्या गळ्याशी कपड्यात खोचायची, टोकं ओढायची आणि रुमालांच्या मधोमध ब्रेसिअर काढून दाखवायची. हमखास हशा, खिशात मावतो, चटकन लावून होतो. वरच्या यादीप्रमाणे खेळ पहिल्या वर्गात पास!

"खेळालाच बाई लागते, त्याला आम्ही काय करणार?" हा नेहमीचा बचाव. तो इतिहासाने खोटा पाडला आहे. बाईला पेटीत घालून करवतीने कापायचा खेळ पी. टी. सेल्बिट या इंग्रज जादूगाराने १७ जानेवारी १९२१ रोजी लंडनच्या फिन्सबरी पार्क एम्पायर थिएटरात लोकांसमोर आणला. ब्रिटनमध्ये तीस वर्षांवरच्या, अटी पुऱ्या करणाऱ्या स्त्रियांना मताचा हक्क मिळून तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. जाहिरातीसाठी सेल्बिटने मताधिकाराच्या लढ्यातल्या नेत्या ख्रिस्ताबेल पँखर्स्ट यांनाच पेटीत झोपण्याची नोकरी देऊ केली. त्यांनी नकार दिला. त्याच वर्षी जूनमध्ये न्यूयॉर्कला होरेस गोल्डिनने आपल्या पद्धतीने हा खेळ जादूगारांच्या मेजवानीत केला, तेव्हा पेटीत हॉटेलचा एक नोकर होता, पुरुष! पुढे त्याच्या जागी बाई आली ती कायमची. म्हणजे पेटीला बाई लागत नव्हती, करवतीलाही लागत नव्हती. बाई तिकीटविक्रीला लागत होती. मोठ्या रंगमंचावरची ही सवय आकाराने लहान होऊन टेबलापाशी आली आहे, एवढंच.

पण हात धरणं किंवा अचकट विनोद यांपेक्षाही मला जास्त भीती वाटते ती मनकवडेपणाच्या खेळांची. हल्ली मेजवान्यांतून त्यांची मागणी वाढली आहे. त्यात एक ठरलेला प्रकार असा: "तुमच्या पहिल्या प्रेमाचं नाव मनात आणा." ती संकोचते, सगळे आग्रह करतात, ती चिठ्ठीवर काहीतरी लिहिते, चिठ्ठी फाडली जाते आणि थोड्या नाट्यानंतर जादूगार ते नाव मोठ्याने उच्चारतो. टाळ्यांचा कडकडाट.

आमच्या सल्ला केंद्रात आलेली एक तरुणी अशा कडकडाटातून आली होती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. नात्यातल्या स्वागत समारंभात सासू, जाऊ, नवरा आणि चुलत दीर यांच्या देखत तिला हा प्रश्न विचारला गेला. नवऱ्याचं नाव लिहिलं तर खेळ फसेल, असं जादूगारानेच हसत बजावलं. तिने कॉलेजमधल्या एका मुलाचं नाव लिहिलं. ज्याच्याशी कधी चार वाक्यंही धड झाली नव्हती, असा मुलगा. नाव दुसऱ्या जातीचं होतं, हे आडनावावरून कळलं. टेबलाशी सगळे हसले. घरी गेल्यावर कुणी हसलं नाही. आधी फोन काढून घेतला गेला, मग माहेरी जाणं बंद झालं, मग हात उचलला गेला. नवऱ्याचा हात जादूगाराने उचलला नाही, हे मला मान्य आहे. त्या घरातला संशय त्याने निर्माण केला नाही. पण भरल्या घरात, सासरच्या माणसांसमोर, बाईच्या तोंडून परपुरुषाचं नाव काढून घेणं म्हणजे काय, हे आपल्या समाजात राहणाऱ्या प्रौढ माणसाला कळत नाही? चहूबाजूंनी कोण कुठून बघतंय याचा एवढा अभ्यास करणाऱ्याला, त्या टेबलाशी कोण कुणाकडे कसं बघतंय हे दिसत नाही?

आणि गंमत अशी की खेळाला ते नाव लागतच नाही. ज्या युक्तीने पहिल्या प्रेमाचं नाव कळतं, त्याच युक्तीने शाळेतल्या आवडत्या बाईंचं नाव कळतं, आजोळचं गाव कळतं, आवडीचा पदार्थ कळतो. आश्चर्य तेवढंच, धोका शून्य. फोनच्या चार आकड्यांचं कुलूप ओळखून दाखवण्याच्या खेळाचंही तेच. जिचा फोन घरी रोज तपासला जातो, तिच्यासाठी ते चार आकडे म्हणजे आतून लावलेली कडी असते. ती कडी सगळ्यांसमोर काढून दाखवणं ही करमणूक नव्हे. आकडेच ओळखायचे तर नोटेवरचे ओळखा की!

मनकवडेपणाचे खेळ करणारे अंदाज चुकला तर काय करायचं, याची सोय आधीच करून ठेवतात. एक वाट बंद झाली तर दुसरी, दुसरी बंद झाली तर तिसरी. ही तयारी म्हणजे कसब मानलं जातं, आणि ते आहेच. माझी मागणी इतकीच आहे की स्वतःसाठी तीन वाटा ठेवणाऱ्याने समोरच्या बाईसाठी एक तरी ठेवावी.

"बायका तर हसतात, त्यांना आवडतं," असं सांगितलं जातं. मैत्रिणींनो, आपण केव्हा केव्हा हसतो हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. बसमध्ये शेजारच्याने नको ते बोलल्यावर हसतो, साहेबाच्या चावट विनोदावर हसतो, प्रसंग लवकर संपावा म्हणून हसतो. हसू म्हणजे संमती नव्हे. दुसरा बचाव पोटाचा: "असले निकष लावले तर आम्ही खायचं काय?" हातावर पोट असलेल्या कलावंताच्या विरोधात मी नाही. त्याला कार्यक्रम देणाऱ्यांकडून बरेचदा लेखी करारही मिळत नाही, ठरलेल्यापेक्षा जास्त वेळ राबवलं जातं, पैशासाठी खेपा घालाव्या लागतात. पण मनगट न धरल्याने एकही खेळ बंद पडत नाही. दोन सेकंद थांबून विचारल्याने बिदागी कमी होत नाही.

खेळांची ही पारख बाई प्रेक्षकाला जशी वगळते तशी बाई जादूगारालाही. "किती खिसे अडवतो?" हा प्रश्न पुन्हा वाचा. तो कोट-पँट घातलेल्या शरीराला विचारलेला प्रश्न आहे. खेळांच्या सूचनांमध्ये कोटाचा आतला खिसा, पँटचा उजवा खिसा, सैल बाही गृहीत धरलेली असते. साडी नेसलेल्या किंवा सलवार-कमीज घातलेल्या मुलीने नाणं टाकायचं कुठे? मग तिने स्वतः खिसे शिवून घ्यायचे, खेळ मोडून नव्याने बांधायचे, आणि तरीही "बायकांना हातचलाखी जमत नाही" हे ऐकायचं.

हा समज किती पोकळ आहे, ते लंडनच्या मॅजिक सर्कलने स्वतःच सिद्ध करून दिलं. १९०५ साली स्थापन झालेल्या या संस्थेत १९९१ पर्यंत स्त्रियांना सभासदत्व नव्हतं. सोफी लॉइड या अभिनेत्रीने १९९१ मध्ये 'रेमंड लॉइड' नावाच्या तरुणाचं सोंग घेऊन तिथली परीक्षा दिली. हात बाईचे आहेत हे ओळखू येऊ नये म्हणून हातमोजे घालून हातचलाखी केली, आणि ती पास झाली. त्याच वर्षी संस्थेने स्त्रियांना दार उघडलं, तेव्हा तिने खरं सांगितलं. फसवणूक केली म्हणून तिला काढून टाकण्यात आलं. फसवणूक हीच ज्यांची कला, त्यांनी! तिचं सभासदत्व परत मिळायला २०२५ साल उजाडलं. त्याच वर्षी जुलैमध्ये इटलीतल्या तोरिनो शहरात झालेल्या फिझमच्या जागतिक जादू स्पर्धेत आपल्याकडच्या सुहानी शाह यांना 'बेस्ट मॅजिक क्रिएटर' हा पुरस्कार मिळाला. त्या मनकवडेपणाचेच खेळ करतात. २०२३ मध्ये एका बाबाच्या मनातलं ओळखण्याच्या दाव्यांवर वाद पेटला, तेव्हा वृत्तवाहिन्यांवर तसेच प्रयोग करून, ही कला आहे, चमत्कार नाही, असं त्यांनी सांगितलं.

जादूची पारख दुसऱ्या मापानेही करता येते, हे महाराष्ट्राला नवीन नाही. १९८९ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगाव 'चमत्कार' करून दाखवत आले आहेत: लिंबातून रक्त, जिभेवर जळता कापूर, पाणी शिंपडताच पेट घेणारा नारळ. युक्त्या बाबालोकांच्याच. पण तिथे खेळाची किंमत टाळीवर ठरत नाही. पाहणारी बाई काय घेऊन घरी गेली, यावर ठरते. भीती घेऊन आलेली बाई कारण समजून घेऊन गेली तर खेळ चालला. २०१३ च्या ऑगस्टमध्ये दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. बाबा आणि जादूगार यांच्यातली रेघ त्या लढ्याने स्पष्ट केली: जादूगार आधी सांगून फसवतो. ती रेघ मेजवानीतही पाळायला हवी.

म्हणून जुन्या यादीत पाच प्रश्नांची भर घालावी, असं मी सुचवते. बाईच्या जागी पुरुष बसवला तर हा खेळ तसाच होतो का, आणि होत असेल तर बाईलाच का निवडलं? तिला नाही म्हणता येतं का, आणि तिने नाही म्हटल्यावर तिची फजिती न होता खेळ पुढे जातो का? तिचं काय उघड होतं, आणि कुणासमोर? हसू कशावर आहे, चमत्कारावर की तिच्यावर? आणि खेळ संपल्यावर तो खेळच राहतो का, की कुणी दुःखी बाई "माझा हरवलेला मुलगा कुठे आहे ते सांगा" म्हणत जादूगाराच्या मागे जाते आणि तो गप्प राहून तिचा समज वाढू देतो?

हे प्रश्न फक्त जादूगारांनी विचारायचे नाहीत. लग्न ठरवणाऱ्या घरांनी, शाळांच्या संमेलन समित्यांनी, आपल्या बचतगटांच्या मेळाव्यांनी पैसे देण्याआधी विचारायचे आहेत. जादूगार ठरवताना स्वयंपाक्याला जसं "तिखट बेताचं" सांगतो, तसं हेही स्वच्छ सांगा: अंगाला हात नाही, जुन्या प्रेमाचं नाव नाही, फोनचं कुलूप नाही. चांगला कलावंत हे ऐकून नाराज होणार नाही. ज्याची कला एवढ्याने आटते, त्याच्याकडे मुळात कलाच नव्हती. होता तो दुसऱ्याचा तळहात.