रात्र निवते कोठे?

चैत्र सरून वैशाख लागला की विदर्भातील वर्तमानपत्रांत रोज सकाळी कमाल तापमानाचा आकडा ठळक छापून येतो. अकोला किती, चंद्रपूर किती, ब्रह्मपुरी किती? पारा 45 अंशांपलीकडे गेला की बातमी पहिल्या पानावर येते. त्याच चौकटीत बारीक अक्षरांत किमान तापमानही दिलेले असते. तिकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक प्रकृतीच्या दृष्टीने पुष्कळदा तोच आकडा अधिक बोलका असतो. दिवसभर तापलेला देह रात्री निवतो, म्हणूनच तो दुसऱ्या दिवसाचे ऊन सोसतो. भारतीय हवामान खात्याने याची नोंद घेण्यासाठी एक व्याख्याच ठरविली आहे. दिवसाचे तापमान 40 अंश वा त्याहून अधिक असताना रात्रीचे किमान तापमान सरासरीहून 4.5 ते 6.4 अंशांनी चढे राहिले, तर ती ‘उष्ण रात्र’ होय.

झोप लागताना शरीराच्या आतील तापमान उतरू लागते आणि ती उष्णता मुख्यत्वे हातापायांच्या त्वचेतून बाहेर पडते. भोवतालची हवाच तापलेली असेल तर हा निचरा अडतो, गाढ झोपेचा काळ आखडतो आणि मनुष्य वारंवार जागा होतो. सकाळी तो उठतो तो कालचा थकवा घेऊनच. मग भर उन्हात गवंड्याच्या हाताखाली काम करणाऱ्या मजुराला भोवळ येते, रात्रपाळी संपवून परतणाऱ्या चालकाचा डोळा लागतो. कारण मात्र ‘उन्हाचा तडाखा’ एवढेच नोंदले जाते.

आहार आणि ब्रह्मचर्य यांच्या जोडीने निद्रेला चरकसंहितेने शरीराच्या तीन उपस्तंभांत स्थान दिले. दिवसा झोपणे एरवी निषिद्ध मानणाऱ्या आयुर्वेदाने ग्रीष्मापुरता मात्र अपवाद केला, कारण या ऋतूत रात्री लहान असतात. दिवसा थंड घरात आणि रात्री चांदण्याने निवलेल्या गच्चीवर निजावे, असे ऋतुचर्या सांगते. नागपुरात जूनमधील रात्र पावणेअकरा तासांहूनही थोडी लहानच असते आणि तिचाही पूर्वार्ध तापलेल्या भिंतींच्या सहवासात जातो, हे ध्यानी घेतले तर दुपारच्या वामकुक्षीचा युक्तिवाद पटतो. एवढ्यावरून पूर्वजांना सारेच ठाऊक होते, असा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. पण पुण्यातील दुकानांच्या ‘1 ते 4 बंद’ या पाटीची जी चेष्टा होते, ती थोडी आवरती घ्यायला हरकत नसावी.

जुन्या घरांत जाड मातीच्या भिंती होत्या, संध्याकाळी अंगणात सडा पडे आणि बाजा बाहेर येत. आता अंगण गेले. चोरीच्या आणि डासांच्या भीतीने खिडक्याही मिटल्या. सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि मध्यरात्रीपर्यंत ते घरात ओततो. यावर मध्यमवर्गाने वातानुकूलन यंत्राचा उपाय शोधला. रुग्ण, वृद्ध, तान्ही मुले यांच्यासाठी ते यंत्र चैनीची वस्तू राहिलेले नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु 18 अंशांवर यंत्र लावून वर दुलई पांघरण्यात कोणता शहाणपणा आहे? नव्या यंत्रांचे मूळ तापमान 24 अंश असावे, असा नियम 2020 पासून लागू आहे. त्याच्या जोडीला पंखा असला की बहुतेकांना तेवढे पुरते. शिवाय खोलीतून काढलेली उष्णता कोठेतरी जातेच. ती जाते शेजारच्या खिडकीत, गल्लीत आणि गल्लीच्या टोकाच्या पत्र्याच्या खोलीत.

विदर्भाचा खरा आधार आजही कूलरच आहे, पण त्याचेही शास्त्र पाळावे लागते. खोली बंद करून कूलर लावला तर दमटपणा कोंडतो आणि घामच सुकत नाही. समोरची खिडकी उघडीच हवी. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तो निरुपयोगी ठरतो, ते याच कारणाने. टाकी आठवड्यातून एकदा कोरडी केली नाही तर डेंग्यूच्या डासांची सोय होते. प्लग काढल्याखेरीज टाकीत पाणी भरू नये, हे तर घरातील लहानथोरांना बजावूनच ठेवावे. विजेच्या धक्क्याने कोणी दगावल्याची बातमी उन्हाळ्यात वाचावी लागतेच. निजण्यापूर्वी बर्फासारख्या गार पाण्याऐवजी कोमट पाण्याने स्नान केले तर त्वचेकडील रक्तप्रवाह वाढतो आणि अंग लवकर निवते. रात्रीचे जेवण हलके आणि वेळेवर असावे, हे वेगळे सांगायला नको.

प्रश्न आहे तो पत्र्याखाली निजणाऱ्यांचा. मे 2010 मधील उष्णतेच्या लाटेने अहमदाबादेत एरवीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू झाले, तेव्हा त्या शहराने 2013 मध्ये उष्णताविरोधी कृती आराखडा केला. पुढे गरीब वस्त्यांतील छपरांना पांढरा चुना देण्याचे कामही तेथे हाती घेतले गेले. पांढरे छप्पर ऊन परतवते आणि खालची खोली काही अंशांनी सुसह्य होते. एका वस्तीची छपरे रंगवायला चुन्याची पोती, काही ब्रश आणि दोन रविवार सकाळी मोकळे असलेले तरुण एवढेच लागते. हे काम मार्चमध्ये झाले पाहिजे. मेमध्ये त्या पत्र्यावर पाय ठेवणेही अवघड असते.

आणखी एक गोष्ट तर बिनखर्चाची आहे. कित्येक सहनिवासांच्या गच्चीला वर्षभर कुलूप असते. खाली रखवालदार पत्र्याच्या चौकीत, आपली पाळी संपल्यावरही, घामाने भिजत कूस बदलत असतो. कठड्याची उंची तपासून, संध्याकाळी चार बादल्या पाणी मारून, मच्छरदाणीसाठी दोन दोऱ्या बांधून ती गच्ची दोन महिन्यांपुरती त्याला आणि ज्या रहिवाशांना हवी त्यांना खुली करता येईल. किल्ली सचिवांच्या घरी खुंटीलाच टांगलेली असते.