मिनिटांचा रकाना

अमेरिकेतला कॉलेज बास्केटबॉलचा सीझन एप्रिलच्या सुरुवातीला संपतो तो थेट नोव्हेंबरात उघडतो. मधल्या महिन्यांत बातमीदारांनी लिहायचं काय? मग दर उन्हाळ्यात एक ठरलेली बातमी येते. अमुक कॉलेजच्या धिप्पाड सेंटरने दहा-बारा किलो घटवले, तळलेलं सोडलं, पहाटे उठून पळतोय. सोबत दोन फोटो: आधीचा पोट सुटलेला, नंतरचा दंड फुगवलेला. चाहते खूश, कोच खूश. मी मात्र फोटो बाजूला ठेवून एकच विचारीन. हा गडी आता किती मिनिटं खेळणार?

सात फुटी माणसाला सगळ्यात जड जातं ते 94 फुटांचं कोर्ट वर-खाली करणं. उडी मारणं किंवा बास्केटखालची रेटारेटी त्यापुढे काहीच नाही. समोरची टीम चेंडू घेऊन सुटली की रिंग राखायला यानेच आधी पोचायचं. रिबाउंड काढून दिला की पुन्हा दुसऱ्या टोकाला पळायचं, आणि तेही प्रतिस्पर्धी सेंटर पाय रोवायच्या आत. तिथे शंभर-सव्वाशे किलोच्या गड्याला कमरेने, पाठीने मागे रेटत जागा धरायची, आणि पुष्कळदा चेंडू हाताला न लागताच परत फिरायचं. दम संपला की पहिले पाय जातात. पाऊल उशिरा पडतं, मग ती कसर हात भरून काढायला बघतात, आणि शिट्टी वाजते. पाच फाउल झाले की बाहेर. सेंटर फाउलमध्ये अडकला म्हणून आपण त्याच्या अकलेला बोल लावतो, पण त्यातले निम्मे फाउल फुप्फुसांचे असतात, असं माझं मत आहे.

मुरलेले कोच यावर एक युक्ती करतात. प्रत्येक हाफमध्ये साधारण 16, 12, 8 आणि 4 मिनिटं उरली असताना टीव्हीच्या जाहिरातींसाठी खेळ थांबतो. त्याच्या अर्धा-पाऊण मिनिट आधी सेंटरला बाकावर बोलवायचं. घड्याळातलं अर्धं मिनिट जातं, पण विश्रांती दोन-तीन मिनिटांची पदरात पडते.

पर्ड्यू युनिव्हर्सिटीचा झॅक एडी हे या विषयातलं माझं आवडतं उदाहरण. हा टोरांटोचा मुलगा, उंची 7 फूट 4 इंच, लहानपणी आइस हॉकी आणि बेसबॉल खेळणारा. बास्केटबॉलकडे वळला तो दहावीच्या आसपास. 2020 मध्ये इंडियानातल्या वेस्ट लाफायेटला आला तेव्हा त्याच्याकडून फार कुणाला आशा नव्हती. पहिल्या वर्षी तो सरासरी 14.7 मिनिटं खेळला, दुसऱ्या वर्षी 19. तिसऱ्या वर्षी एकदम 31.7 आणि चौथ्या वर्षी 32. याच काळात त्याचं वजन किती उतरलं? उतरलंच नाही. 2024 च्या एनबीए चाचणीत काट्यावर तो 299 पाउंड, म्हणजे सुमारे 136 किलो भरला. आधी-नंतरच्या फोटोवाल्यांना या माणसाचा काही उपयोग नव्हता.

इथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. दुसऱ्या वर्षी एडीची मिनिटं ट्रेव्हियन विल्यम्सबरोबर वाटली जात होती. तो गेला आणि जागा मोकळी झाली. पण मोकळी जागा मिळणं वेगळं आणि ती 32 मिनिटं भरून काढणं वेगळं. एवढ्या आकाराच्या माणसाला अर्ध्या तासाच्या वर कोर्टवर ठेवायचं, तेही बिग टेनसारख्या धसमुसळ्या लीगमध्ये, ही कोच मॅट पेंटर यांची जुगारी चाल नव्हती. त्यामागे उन्हाळ्यांची मेहनत होती, आणि नियमाप्रमाणे उन्हाळ्यात कोचला आठवड्याला आठच तास सक्तीचं काम करून घेता येतं. बाकीचं ज्याचं त्याने करायचं. 2023 च्या मार्चमध्ये, कॉलेजांच्या राष्ट्रीय बाद स्पर्धेत, फेअरली डिकिन्सन या देशातल्या सगळ्यात बुटक्या टीमने पर्ड्यूला 63-58 असं हरवून घरी पाठवलं. एडीने त्या सामन्यात 21 गुण आणि 15 रिबाउंड घेऊनही. त्यानंतरचा उन्हाळा त्याने कॅनडाच्या राष्ट्रीय संघात काढला आणि वर्ल्ड कपचं ब्राँझ घेऊन परतला.

31 मार्च 2024, डेट्रॉइट. टेनेसीविरुद्ध जिंकलं तर पर्ड्यू 1980 नंतर प्रथमच फायनल फोरमध्ये, म्हणजे त्या स्पर्धेच्या शेवटच्या चार संघांत, जाणार. एडीने 40 गुण केले, 16 रिबाउंड काढले, आणि मार खाऊन खाऊन 22 फ्री थ्रो मिळवले. मला आठवतो तो यातला एकही गुण नाही. शेवटचं अर्धं मिनिट उरलंय, टेनेसीचा डाल्टन नेक्ट, ज्याने त्या दिवशी 37 गुण केले, चेंडू घेऊन रिंगकडे घुसतो, आणि जवळजवळ संपूर्ण सामना खेळलेला एडी पाय हलवून त्याच्या वाटेत येतो आणि चेंडू अडवतो. फाउल नाही. पर्ड्यू 72, टेनेसी 66. उन्हाळ्यातल्या कामाचा पुरावा मागायचा तर मी हा मागेन.

काट्याच्या गोष्टीला दुसरीही बाजू आहे, आणि तीही पर्ड्यूचीच. केलेब स्वॅनिगन, टोपणनाव ‘बिगी’. बेघरांच्या निवाऱ्यांत वाढलेला मुलगा, आठवीत वजन 360 पाउंड, म्हणजे 163 किलो. रूझवेल्ट बार्न्स यांनी त्याला दत्तक घेतलं, खाण्याला आणि व्यायामाला शिस्त लावली. 2016 च्या उन्हाळ्यात एनबीएचा दरवाजा वाजवून तो कॉलेजात परतला, आणखी घाम गाळला, आणि पुढच्या सीझनला सरासरी 18.5 गुण, 12.5 रिबाउंड करत बिग टेनचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. बातम्यांनी त्याचा किलोचा हिशोब उत्साहाने छापला. एनबीएतून बाहेर पडल्यावर वजन पुन्हा वाढलं, तेव्हा त्याच हिशोबाने लोकांनी त्याची टिंगल केली. 20 जून 2022 रोजी तो गेला, 25 व्या वर्षी. एखाद्या मुलाच्या शरीराची बातमी केली की ती पुढे त्याच्या मागे लागते, हे निदान आमच्या धंद्यातल्या लोकांनी ध्यानात ठेवायला हरकत नाही.

आपल्याकडच्या वाचकाला इथे सतनाम सिंग आठवेल. पंजाबातल्या बल्लो के गावचा 7 फूट 2 इंचांचा हा मुलगा फ्लोरिडातल्या आयएमजी अकादमीत शिकला. एडीही पर्ड्यूआधी तिथेच होता. सतनाम मात्र कॉलेजात खेळलाच नाही. 2015 च्या एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे खेळाडू निवडीत, डॅलसने त्याला 52 व्या क्रमांकावर घेतलं, आपल्याकडे पेढे वाटावेत अशी ती बातमी होती, पण एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. चार वर्षं मिळाली असती तर तो एडी झाला असता, असं मी म्हणणार नाही. पण 14 मिनिटांवरून 32 वर जायला मोठ्या देहाला लागतात ते उन्हाळे त्याला मिळालेच नाहीत.

आणि आता ते अमेरिकन मुलांनाही मिळतील का, शंका आहे. 2021 पासून खेळाडूंना जाहिरातींचे पैसे घेता येतात, आणि 2024 पासून कितीही वेळा कॉलेज बदललं तरी वर्षभर बसून राहावं लागत नाही. मुलांच्या हक्काच्या दृष्टीने हे योग्यच झालं, यात मला वाद नाही. फक्त पहिल्या वर्षी 14.7 मिनिटं मिळालेला सात फुटी मुलगा आज एप्रिलमध्येच दुसऱ्या कॉलेजाशी बोलणी सुरू करतो, आणि त्याच्या पायांना कशाने दम येतो हे ओळखणारा ट्रेनर जुन्या जिममध्येच राहतो. नव्या ठिकाणचा ट्रेनर सगळ्यात आधी त्याला काट्यावर उभा करतो.