पायवाट कोणाची, नदी कोणाची?

सांगलीच्या स्टेशन चौकात सभा होतात, मोर्चे निघतात. येत नाही ती फक्त आगगाडी. १९०७ साली सुरू झालेला मिरज–सांगली हा चिमुकला फाटा मीटरगेजच्या युगाबरोबर संपला. पुणे–मिरज मार्ग ब्रॉडगेज झाला, स्थानक शहराबाहेरच्या अंगाला गेले आणि चौकाला केवळ नाव उरले. रूळ उखडता येतात. पण लोकांच्या प्रवासासाठी राखलेल्या जमिनीवरील लोकांचा हक्क उखडता येत नाही.

मोडीत निघालेल्या लोहमार्गांवर फिरण्याच्या वाटा करण्याची रीत आता जगभर आहे. न्यूयॉर्कमध्ये १९८० साली बंद पडलेल्या उन्नत मालमार्गावर २००९ साली उद्यान खुले झाले. फिरणारे आले, त्यांच्यामागून इमारतवाले आले आणि आसपासच्या घरांच्या किमती भडकल्या. अहमदाबादेत साबरमतीचा काठ देखणा झाला. काठावरच्या झोपड्यांतील हजारो कुटुंबे मात्र शहराच्या कडेला फेकली गेली. तेथील पादचारी अटल पुलावर २०२२ साली पाऊल ठेवायलाही तिकीट लागले. पुण्यात मुळा-मुठेचा ४४ किलोमीटरचा काठ बांधून काढण्याचा घाट घातला गेला. विकासाचा हाच नमुना उद्या कृष्णाकाठी उतरणार नाही, याची हमी कोण देणार?

येथे कृष्णामाईचा स्वभाव ध्यानात घ्यावा लागेल. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २००५ साली पाणी ५३ फुटांपुढे गेले, २०१९ साली ५७ फुटांपुढे आणि २०२१ साली पुन्हा ५४ फुटांवर. काठ म्हणजे रिकामी जागा नव्हे. पुराच्या दिवसांत तेच नदीचे पात्र असते. तेथे भराव टाकून, भिंती उभारून केलेली सहल नदीचा श्वास कोंडते. तुंबलेले पाणी मग शिरते ते सखल वस्त्यांत, जेथे सकाळी फिरायला जाण्याची फुरसत कोणालाच नसते.

याचा अर्थ समाजवाद्यांनी पायवाटेलाच विरोध करावा, असा नव्हे. दोन खोल्यांत सहा माणसे राहणाऱ्या श्रमिक कुटुंबाला मोकळ्या हवेची गरज बंगलेवाल्यापेक्षा अधिक आहे. कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णा-कोयनेच्या काठी यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी शेतकरीही बसतो आणि विद्यार्थीही. नदीकाठ सर्वांचा राहू शकतो, याचा तो पुरावा आहे. प्रश्न सौंदर्याचा नाही, मालकीचा आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. जुन्या फाट्याच्या जमिनीचे काय झाले, किती रस्त्यात गेली, किती कोणाच्या ताब्यात आहे, याचा हिशेब जाहीर व्हावा. उरलेल्या पट्टीवर कामावर चालत व सायकलने जाणाऱ्यांचा मार्ग आधी, विरंगुळा नंतर. निळ्या पूररेषेच्या आत सिमेंट नको. काठाला तिकीट नको. आणि पर्यायी घर हाती पडल्याखेरीज एकही झोपडी हलता कामा नये.

१९४३ नंतर याच सातारा-सांगलीच्या मातीत प्रतिसरकारने गावचे निवाडे गावासमोर केले. नदीकाठचा निवाडा बंद दाराआड, ठेकेदाराच्या नकाशावर होत असेल, तर त्या वारशाच्या नावाने हार घालण्याचा अधिकार कोणालाच उरत नाही. कार्यकर्त्यांनी वस्तीवस्तीत बैठका घ्याव्यात. आगगाडी नसलेल्या स्टेशन चौकातून हा प्रश्न तरी सुटला पाहिजे.